इंजिनाचा पिवळा दिवा लागला, तर आधी काय पाहायचं?



आज मी बोलणार आहे गाडीच्या एका दिव्याबद्दल. चावी फिरवली की स्टिअरिंगसमोर बरेच दिवे एकदम लागतात आणि गाडी सुरू झाली की विझतात. त्यात एक पिवळा दिवा असतो, इंजिनाच्या आकाराचा. आमच्या गटातल्या काहीजणी त्याला नळ म्हणतात, काहीजणी कासव म्हणतात. त्याचं खरं नाव चेक इंजिन लाइट. गाडी सुरू झाल्यावरही तो विझला नाही, किंवा चालता चालता लागला, तर काय करायचं, ते आज बघू. त्यातही एका खास दुखण्याबद्दल बोलू. ते म्हणजे सायलेन्सरच्या नळीत बसवलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर.

हा विषय बायकांच्या कार्यक्रमात कशाला, असं एखादी म्हणेल. पण आता आपल्या किती गटांकडे गाड्या आहेत ते बघा. कुणाची व्हॅन आठवडी बाजाराला भाजी नेते, कुणाची पापड-मसाल्याची पाकिटं दुकानात पोचवते, कुणाची शाळेची पोरं नेते. गाडी गटाच्या कर्जावर घेतलेली असते. ती चार दिवस गॅरेजला उभी राहिली की माल घरी पडतो, आणि हप्ता तर चुकत नाही. गॅरेजवाला जेव्हा म्हणतो, "ताई, कन्व्हर्टर गेलाय, नवा टाकावा लागेल," तेव्हा तो आकडा हजारांतला असतो, कधी कधी तीस-चाळीस हजारांच्या घरातला. तो पैसा बारा-पंधरा जणींच्या बचतीतला असतो. म्हणून हे आपण समजून घ्यायचं.

आधी हा कन्व्हर्टर म्हणजे काय ते सांगते. गाडीच्या खाली, इंजिनापासून मागे जाणाऱ्या धुराच्या नळीत एक फुगीर लोखंडी डबा असतो. बऱ्याच नव्या गाड्यांत तो इंजिनाला अगदी चिकटूनच असतो. या डब्यात चिनीमातीसारख्या पदार्थाचा एक ठोकळा असतो, आणि त्याला मधाच्या पोळ्यासारखी हजारो बारीक भोकं असतात. त्या भोकांच्या आतल्या अंगाला प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम या महाग धातूंचा अगदी पातळ थर दिलेला असतो. इंजिनातून निघालेला धूर या भोकांतून जातो. त्या धुरात तीन वाईट गोष्टी असतात. एक, कार्बन मोनॉक्साइड, म्हणजे बंद खोलीत शेगडी पेटवून झोपल्यावर माणूस ज्यानं दगावतो तो वायू. दुसरं, न जळलेलं पेट्रोल. तिसरं, नायट्रोजनचे ऑक्साइड, ज्यानं छाती भरून येते. हे तीनही या पोळ्यात बदलतात, आणि बाहेर पडतं ते मुख्यतः कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ आणि नायट्रोजन.

पण हा डबा गार असताना काम करत नाही. साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापला की त्याचं काम सुरू होतं. म्हणून सकाळी गाडी सुरू केल्यावर पहिली काही मिनिटं धूर जवळजवळ जसाच्या तसा बाहेर येतो. पहाटे शेडचं शटर लावून आत गाडी गरम करत ठेवायची आणि तिथंच माल भरायचा, हे कधीही करू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. कन्व्हर्टर चांगला असला तरी हा धोका राहतो.

आपल्या देशात १९९५ साली चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना हा कन्व्हर्टर सक्तीचा झाला. त्याचबरोबर तिथं शिसं नसलेलं पेट्रोल आलं, कारण शिशानं या पोळ्यातल्या धातूंवर लेप बसतो आणि ते निकामी होतात. फेब्रुवारी २००० पासून सगळ्या देशात शिसेविरहित पेट्रोल मिळायला लागलं. शिसं लहान मुलांच्या मेंदूला घातक असतं. म्हणजे या डब्यासाठी म्हणून पेट्रोल बदललं आणि त्याचा फायदा आपल्या पोरांनाही झाला.

आता दिव्याकडे येऊ. दिवा लागला म्हणजे कन्व्हर्टर गेला, असं नाही. आशाताई थर्मामीटर लावून ताप आहे एवढं सांगतात. तो मलेरियाचा की टायफॉइडचा, ते रक्त तपासल्यावर कळतं. हा दिवा त्या थर्मामीटरसारखा आहे. गाडीच्या कॉम्प्युटरला काहीतरी बिघडल्यासारखं वाटलं की तो दिवा लावतो आणि आपल्या वहीत एक नंबर लिहून ठेवतो. त्या नंबरला कोड म्हणतात.

दिवा कसा लागलाय ते सगळ्यात आधी बघा. सतत लागून राहिला असेल आणि गाडी नेहमीसारखी चालत असेल, तर घाबरून रस्त्यात थांबायची गरज नाही. सावकाश चालवा, जादा माल भरू नका, आणि दोन-चार दिवसांत तपासून घ्या. पण दिवा उघडझाप करत असेल, गाडी झटके देत असेल, तर बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. उघडझाप म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल जळतच नाही, गाडी जोरात मिसिंग मारतेय. ते कच्चं पेट्रोल जाऊन कन्व्हर्टरमध्ये जळतं, डबा लालबुंद होतो आणि आतलं पोळं वितळतं. दोनशे-चारशे रुपयांच्या प्लगसाठी मोठं नुकसान होतं ते असं. आणि हो, तेलाच्या किटलीचा लाल दिवा किंवा इंजिन तापल्याचा लाल दिवा, हे वेगळे दिवे. ते लागले तर लगेच थांबायचंच.

जुनी गाडी घेताना एक गोष्ट नक्की बघा. चावी फिरवल्यावर, इंजिन सुरू करण्याआधी, हा पिवळा दिवा लागला पाहिजे. लागलाच नाही, तर तो कुणीतरी काढून ठेवला असू शकतो. अशी गाडी तपासल्याशिवाय घेऊ नका.

आता कोड वाचायचा. गेल्या दहा-बारा वर्षांतल्या जवळजवळ सगळ्या गाड्यांत चालवणाऱ्याच्या पायांच्या वरच्या बाजूला, डॅशबोर्डखाली, सोळा पिनांचं एक सॉकेट असतं. गॅरेजवाला त्याला स्कॅनर जोडतो आणि कोड वाचतो. मोबाइलला जोडता येईल असा छोटा स्कॅनर हजार रुपयांच्या आसपास मिळतो. दोन-तीन गटांनी मिळून एक घेतला तरी पुरतो. कोड वाचल्यावर लगेच पुसू द्यायचा नाही. आधी पडद्याचा फोटो काढायचा. कोडसोबत त्या वेळी गाडीचा वेग काय होता, इंजिन किती तापलं होतं, याची नोंदही असते. ती पुसली की पुरावा गेला.

कन्व्हर्टरचा नेहमीचा कोड आहे पी ०४२०. याचा अर्थ एवढाच की कन्व्हर्टर पुरेसं काम करत नाही असं कॉम्प्युटरला वाटतंय. 'नवा टाका' असं त्या कोडमध्ये कुठंही लिहिलेलं नाही.

कॉम्प्युटरला हे कशावरून वाटतं? धुराच्या नळीत दोन सेन्सर असतात. एक कन्व्हर्टरच्या आधी, एक नंतर. दोघंही धुरातला ऑक्सिजन बघतात. बऱ्याच गाड्यांत पुढच्या सेन्सरचा आकडा सारखा वरखाली होतो, साधारण ०.१ व्होल्टपासून ०.९ व्होल्टपर्यंत. कन्व्हर्टर चांगला असेल तर तो ऑक्सिजन साठवतो आणि लागेल तसा वापरतो, म्हणून मागच्या सेन्सरचा आकडा जवळजवळ स्थिर राहतो. मागचा सेन्सरही पुढच्यासारखाच नाचायला लागला, तर कॉम्प्युटर म्हणतो, मधला डबा काही करत नाहीये. आता विचार करा, मागचा सेन्सर चुकीचं सांगत असला तर? मधे कुठं नळी फुटून बाहेरची हवा आत येत असली तर? मग डबा चांगला असूनही कोड येणार. म्हणून डब्याची किंमत मोजण्याआधी बाकीच्या गोष्टी एकेक करून तपासायच्या. क्रम मी सांगते, लिहून घ्या.

पहिली गोष्ट, सोबत दुसरे कोड आहेत का? पी ०३०० ते पी ०३०४ हे मिसिंगचे कोड. ०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर, ०३०२ म्हणजे दुसरा, असं. हे असतील तर आधी यांचा बंदोबस्त. प्लग, कॉइल, इंजेक्टर यातलं काय ते शोधायचं. मिसिंग चालू ठेवून नवा कन्व्हर्टर टाकला, तर तोही जळणार.

दुसरी गोष्ट, सायलेन्सरची नळी कुठं गळते का? सकाळी गाडी गार असताना सुरू करा आणि खाली कान द्या. जोडापाशी फट् फट् असा बारीक आवाज येतो का? जोडाभोवती काजळीचे काळे डाग आहेत का? गार असतानाच जोडावर साबणाचं पाणी टाकलं तर गळतीच्या जागी बुडबुडे येतात. डबा तापलेला असताना हात लावू नका, पाणीही टाकू नका. गळती म्हणजे धूर बाहेर येतो एवढंच नाही. धूर झटक्याझटक्यानं जातो, आणि दोन झटक्यांच्या मधे बाहेरची हवा आत ओढली जाते. मग सेन्सरला जादा ऑक्सिजन दिसतो आणि सगळं गणित बिघडतं.

तिसरी गोष्ट, सेन्सर आणि त्याच्या वायरी. आपल्याकडे उंदीर वायरी कुरतडतात, हे सगळ्यांना माहीत आहे. वायर गरम नळीला चिकटून वितळलेली असू शकते, प्लगमध्ये पाणी गेलेलं असू शकतं. आधी डोळ्यांनी बघायचं. मग स्कॅनरवर दोन्ही सेन्सरचे आलेख शेजारी शेजारी लावून बघायचे.

चौथी गोष्ट, इंजिन ऑइल पितं का? दर आठवड्याला ऑइलची पट्टी काढून पातळी वहीत लिहा. पातळी उतरत असेल आणि मागून निळसर धूर येत असेल, तर ऑइल जळतंय. ऑइलमधल्या फॉस्फरसचा थर पोळ्यावर बसतो. कूलंटचं पाणी सारखं कमी होत असेल आणि इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येत राहत असेल, तर कूलंट आत जातंय. त्यानंही पोळं खराब होतं.

पाचवी गोष्ट, पेट्रोल. भेसळीच्या पेट्रोलनं प्लग, सेन्सर, कन्व्हर्टर सगळ्यांना त्रास होतो. पंपावर फिल्टर पेपरची चाचणी मागायचा ग्राहकाला हक्क आहे. नोझलचं तोंड पुसून कागदावर एक थेंब टाकायचा. शुद्ध पेट्रोल दोन-एक मिनिटांत उडून जातं आणि डाग राहत नाही. माप कमी वाटलं तर पाच लिटरच्या मापानं मोजून मागायचाही हक्क आहे. मागताना लाजू नका.

सहावी गोष्ट, गाडी सीएनजीवर असेल तर दिवा पेट्रोलवर लागतो की गॅसवर, ते लक्षात ठेवा. बाहेरून बसवलेलं किट नीट जुळवलेलं नसेल, तर फक्त गॅसवर असतानाच कोड येतो. मग किटवाल्याकडे जायचं, डबा बदलायचा नाही.

हे सगळं ठीक निघालं, तरच सातव्या गोष्टीकडे यायचं, म्हणजे खुद्द कन्व्हर्टरकडे. गार असताना रबरी हातोडीनं हलकं टोकलं आणि आत खुळखुळ आवाज आला, तर पोळं फुटलंय. चढावर गाडी दम टाकते, ॲक्सिलरेटर दाबला तरी इंजिन वर जात नाही, पायाखालची जागा फार तापते, तर पोळं तुंबलं असू शकतं. पुढच्या सेन्सरच्या जागी दाबाचं मीटर लावून फिटर ते मोजू शकतो. सडलेल्या अंड्यासारखा वास सारखा येत असेल, तर पेट्रोल जास्त जातंय किंवा डबा थकलाय. पीयूसीची पावतीही बघा. बीएस-४ पेट्रोल गाडीला इंजिन नुसतं चालू ठेवून कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएम ही मर्यादा आहे. गाडी नीट तापल्यावरही आकडे त्याच्या वर जात असतील, तर संशय पक्का होत जातो.

आमच्या गटाच्या गाडीचंच सांगते. चार सिलिंडरची, पेट्रोल-सीएनजीवर चालणारी जुनी व्हॅन आहे. बाजाराच्या आदल्या दिवशी दिवा लागला. एका गॅरेजमध्ये स्कॅनर लावला, आणि आम्हाला अडतीस हजारांचा अंदाज मिळाला. त्या माणसानं फसवलं असं मी म्हणणार नाही. पडद्यावर कॅटॅलिस्ट हा शब्द आला आणि त्यानं तो वाचला. गटाच्या खात्यात तेव्हा एकेचाळीस हजार होते. त्यातून पुढच्या महिन्याचा हप्ता आणि दोघींच्या मुलींच्या फीसाठी मागितलेलं कर्ज द्यायचं होतं. त्या रात्री बैठक झाली. एक म्हणाली, गाडीच विकून टाकू. आमच्या अध्यक्षताई म्हणाल्या, "आपण दहा रुपयांच्या पावतीसाठी दुकानदाराला दोनदा विचारतो. मग अडतीस हजारांसाठी एकदा तरी विचारू." ठरलं ते असं की आधी कारण लेखी घ्यायचं, मग पैसे.

तालुक्याला दुसऱ्या एका मिस्त्रीदादांकडे गेलो. त्यांनी सगळे कोड वाचले. पी ०४२० होताच, पण सोबत पी ०३०२ सुद्धा होता, म्हणजे दुसऱ्या सिलिंडरचं मिसिंग. त्यांनी दुसऱ्या सिलिंडरची कॉइल काढून तिसऱ्याला लावली आणि तिसऱ्याची दुसऱ्याला. चक्कर मारून आलो तर कोड झाला पी ०३०३. म्हणजे दुखणं कॉइलबरोबर सरकलं, कॉइलच खराब. एक कॉइल आणि चार प्लग बदलले. आठ दिवस दिवा लागला नाही, नवव्या दिवशी परत लागला. या वेळी नुसता पी ०४२०. आता पुन्हा कन्व्हर्टरचं नाव निघालं. मिस्त्रीदादा म्हणाले, "ताई, गाडी रात्रभर इथं ठेवा, सकाळी गार असताना बघतो." सकाळी मी गेले. दोन नळ्यांच्या जोडापाशी, दोन्ही सेन्सरच्या मधल्या भागात, काजळीची काळी रेघ होती. साबणाचं पाणी टाकलं तर बुडबुडे आले. तिथलं पॅकिंग जळून गेलं होतं. पॅकिंग बदललं, बोल्ट नवे टाकले. कोड पुसला. कॉइलचे अठराशे, प्लगचे सहाशे, पॅकिंग आणि बोल्टचे दीडशे, मजुरी पाचशे, असे तीन हजार पन्नास रुपये गेले. त्यानंतर दोन पावसाळे झाले. त्याच कन्व्हर्टरवर गाडी चालू आहे आणि पीयूसीत पास होते.

दर वेळी असं स्वस्तात निघेल असं मात्र समजू नका. ओळखीच्या एका गटाचा कन्व्हर्टर खरंच गेला होता. त्यांनी नवा टाकला आणि काही महिन्यांत तोही गेला. कारण इंजिन ऑइल पीत होतं, आणि ते कुणी बघितलंच नव्हतं. म्हणून डबा बदलायचा ठरलाच, तर आधी एक प्रश्न विचारायचा: जुना कशानं गेला? याचं उत्तर मिळेपर्यंत नवा बसवू नका.

बदलायची वेळ आली तर आणखी चार गोष्टी. एक, वॉरंटीचं पुस्तक वाचा, गाडी नवी असेल तर आधी अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचारा. दोन, अंदाज लेखी घ्या, त्यात कंपनीचं नाव, भागाचा नंबर आणि हमी किती महिन्यांची ते लिहून घ्या. फार स्वस्त डब्यात धातूचा थर कमी असतो आणि दिवा पुन्हा लागतो. तीन, जुना डबा परत मागा. त्यात प्लॅटिनमसारखे धातू असतात, भंगारात त्याला चांगला भाव असतो. एक तर तो आपल्या हाती द्यावा, नाहीतर त्याची किंमत बिलातून वजा करावी. याच धातूंसाठी गुजरातेत आणि आपल्या महाराष्ट्रात व्हॅनचे सायलेन्सर चोरीला गेल्याचे गुन्हे नोंदले गेले आहेत. रात्री गाडी उजेडात, घराजवळ उभी करा. सकाळी गाडी एकदम मोठ्यानं गर्जायला लागली, तर खाली वाकून बघा. चार, दुरुस्तीनंतर कोड पुसून गाडी वेगवेगळ्या वेगात चालवून पाहायची. कॉम्प्युटरला तपासायला थोडा प्रवास लागतो. गॅरेजच्या दारात दिवा विझला म्हणजे काम झालं असं नाही.

आता कुणी सांगेल, "ताई, कशाला खर्च? डबा उघडून आतलं फोडून टाकतो, गाडी मोकळी पळेल." याला नाही म्हणा. गाडीत असा बदल करणं मोटार वाहन कायद्यात बसत नाही. वैध पीयूसी नसेल तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दिवाही विझत नाही, कारण मागचा सेन्सर तिथंच असतो. आणि तो धूर जातो कुठं? बाजारात गाडीमागे टोपली घेऊन बसलेल्या बाईच्या आणि शाळेच्या फाटकापाशी उभ्या पोरांच्या नाकात. बाटलीतलं औषध पेट्रोलमध्ये टाकून कन्व्हर्टर नवा होतो असंही सांगतात. वितळलेलं किंवा फुटलेलं पोळं कुठल्याही औषधानं जुळत नाही.

कन्व्हर्टर टिकवायचा असेल तर काही सवयी लावून घ्या. बॅटरी उतरली असेल तर लांबवर धक्का देऊन गाडी सुरू करू नका, कच्चं पेट्रोल नळीत जातं. शक्यतो दुसऱ्या बॅटरीची केबल लावा. मिसिंग कुठलं ते बघायला इंजिन चालू ठेवून प्लगची वायर काढतात, तेही करू देऊ नका. खडकाळ रस्त्यावर गाडीचं पोट घासलं तर थांबून खाली बघा, डबा चेपला तर आतलं पोळं तडकतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं: लांबून आल्यावर उसाच्या पाचटावर, कडब्यावर किंवा वाळलेल्या गवतावर गाडी उभी करू नका. खालचा डबा कित्येकशे अंश तापलेला असतो. मिसिंग असेल तर आणखी तापतो. पाचट पेटायला तेवढं पुरतं, आणि मग गाडीबरोबर खळंही जातं. मळ्यात माल भरायला जाताना मोकळ्या मातीवर जागा बघा.

डिझेल पिकअप असणाऱ्या मैत्रिणींसाठी दोन वाक्यं. बीएस-६ डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर असतो आणि त्याचा दिवा वेगळा असतो. नुसत्या गावातल्या गावात छोट्या खेपा केल्या तर तो तुंबतो. सुरुवातीलाच, पुस्तकात सांगितल्याप्रमाणे मोकळ्या रस्त्यावर काही वेळ एका वेगानं चालवली तर काजळी जळून जाते. दिव्याकडे दुर्लक्ष करून तसंच चालवत राहिलं तर मात्र खर्च येतो.

शेवटी एक काम देते. गटाच्या हिशेबाच्या वहीशेजारी गाडीची एक वही ठेवा. तारीख, किलोमीटर, किती पेट्रोल किंवा गॅस भरला, ऑइलची पातळी, कुठला दिवा कधी लागला, कोड काय आला, काय बदललं, किती पैसे गेले. पीयूसीची तारीखही तिथंच लिहा. बीएस-४ आणि बीएस-६ गाड्यांना ती दर वर्षी लागते, त्याआधीच्या गाड्यांना दर सहा महिन्यांनी. दर खेपेमागे थोडे पैसे दुरुस्तीसाठी बाजूला टाका, म्हणजे दिवा लागला की कुणाच्या फीला किंवा औषधाला कात्री लागणार नाही. आणि गाडी चालवणारी एकटीच सगळं जाणते असं ठेवू नका. दर महिन्याच्या बैठकीत पाच मिनिटं गाडीची वही मोठ्यानं वाचा. गॅरेजला जाताना दोघीजणी जा. एकीनं बोलायचं, दुसरीनं लिहायचं.

तिथं गेल्यावर विचारायचे प्रश्न पाठच करा. दादा, कोड कुठले आले? मिसिंगचा कोड आहे का? नळी गार असताना तपासली का? मागच्या सेन्सरचा आलेख दाखवाल का? ऑइल जळतंय का? जुना भाग परत मिळेल का? चांगला मिस्त्री या प्रश्नांनी रागावत नाही. उलट नीट विचारणारं गिऱ्हाईक आलं की तोही नीट बघतो. आणि जो चिडेल, त्याच्याकडून गाडी तशीच घेऊन दुसरीकडे जायला आपल्याला कुणी अडवलेलं नाही.

तुमच्या गटाच्या गाडीचं असं काही दुखणं असेल तर कोडचा नंबर, गाडी किती किलोमीटर झाली आणि कशावर चालते, एवढं लिहून केंद्रावर पाठवा. पुढच्या वेळी त्यातल्या काहींबद्दल बोलू. सांभाळून चालवा. नमस्कार.